शेख, फादर आणि मराठीचा तास

“मुसलमान बाई, चर्चची शाळा, आणि शिकवता मराठी?” नोकरीचं सगळं आयुष्य, म्हणजे वीसहून जास्त वर्षं, मी वसई तालुक्यातल्या एकाच कॅथोलिक प्राथमिक शाळेत शिकवते आहे, तरी हा प्रश्न पाठ सोडत नाही. आपले लोक वेगळं विचारतात: तिथे मुलांना ख्रिस्ती करत नाहीत ना?

या दुसऱ्याचं उत्तर राज्यघटनेत आहे. कलम 28(3) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. आमच्याकडे कॅथोलिक मुलं धर्मशिक्षणाला जातात तेव्हा बाकीच्यांचा मूल्यशिक्षणाचा तास असतो, तो मीच घेते. शिवाय ही शाळा ज्या कलम 30 वर उभी आहे, त्यावरच आपल्या अंजुमनच्या शाळाही उभ्या आहेत. त्यांच्या शाळेवर बोट ठेवताना हे लक्षात असलेलं बरं.

पहिल्या प्रश्नासाठी मात्र मागे जावं लागतं. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधला जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला. तिथली भाषा शिकून त्याने ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं, सुमारे 11 हजार ओव्यांचं. 1616 मध्ये ते रोमन लिपीत छापलं गेलं, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. साधारण त्याच काळात श्रीगोंद्याचे शेख महंमद ‘योगसंग्राम’ लिहीत होते. तेही ओवीतच. एक पाद्री, एक शेख, आणि दोघांना सापडलेला छंद ज्ञानेश्वरांचा! दोघांनीही मराठीत लिहायला कुणाची परवानगी मागितली नव्हती.

पुढचा प्रवास सरळ नाही. 1684 मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोला, असा हुकूम काढला, तीन वर्षांची मुदत देऊन. वसईचा इतिहास निराळा. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने 1534 मध्ये ती पोर्तुगीजांना दिली, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. राज्य गेलं, पण इथले ख्रिस्ती राहिले आणि त्यांची घरची बोलीही राहिली. चर्चमधली मिस्सा मात्र लॅटिनमध्येच होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1960 च्या दशकात, ती मराठीत आली. माझ्या सहकारी टीचरच्या आजीला तोवर प्रार्थना पाठ होत्या, अर्थ ठाऊक नव्हता. आपल्याकडे अरबीचं काय होतं, ते मी तिला सांगितलं. दोघी हसलो.

वर्गात ही मुलं घरची सामवेदी किंवा वाडवळी घेऊन येतात, आपली मुलं दखनी किंवा कोकणी. बालभारतीची मराठी दोघांनाही थोडी परकीच. मी उर्दूही शिकवलेली असल्याने मला हे अवघड वाटलं नाही. मुलाची बोली आधी ऐकून घ्यायची, मग पुस्तक उघडायचं. “तुमची मराठी किती छान!” ही दाद मात्र आम्हा दोन्ही समाजांना सारखीच मिळते, आणि सारखीच टोचते. यू. म. पठाण 1990 मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. 2020 मध्ये उस्मानाबादला फादर फ्रान्सिस दिब्रिटो झाले, तेव्हा काहींनी धर्मावरून विरोध केलाच.

खरी चिंता वेगळी आहे. मी लागले तेव्हा मराठी माध्यमाच्या दोन तुकड्या होत्या. आता एक आहे, तीही कशीबशी. कॅथोलिक, मुस्लिम, हिंदू, सगळे पालक इंग्रजीकडे वळलेत, आणि रिक्षा चालवून फी भरणाऱ्या बापाला मी काय सांगणार? 2020 च्या कायद्याने सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला, म्हणून आता इंग्रजी माध्यमातही माझे तास असतात. पण विषय म्हणून मराठी शिकणं आणि मराठीतून परिसर, गणित शिकणं यांत फरक आहे.

यंदा मराठी पहिलीत अकरा मुलं आली. चार मुस्लिम आहेत, उर्दू शाळा लांब पडते म्हणून इथे. त्यांच्या घरच्या भाषेत ‘ळ’ नाही. त्यामुळे सध्या आमचा बराच वेळ ‘शाळा’ आणि ‘फळा’ यांतच जातो.