लहान पेटीची मोठी भूक

१९५४ हे वर्ष ध्वनितंत्राच्या इतिहासात दोन कारणांनी स्मरणीय आहे. अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांच्या हवाबंद पेटीच्या कल्पनेतून ‘एआर-१’ हा लाउडस्पीकर अवतरला आणि खोल खर्जासाठी कपाटाएवढी पेटीच हवी, ही समजूत मोडली. त्याच वर्षी बंगळुरात, जलहळ्ळी येथे, भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडची स्थापना झाली. या घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही; पण बंगळुरातला हौशी तंत्रज्ञ घरी ध्वनिवर्धक जोडतो, तेव्हा तो दोन्हींचा वारस असतो.

लहान पेटीची किंमत कार्यक्षमतेने चुकवावी लागते. हॉफमन यांचा ‘लोहनियम’ सांगतो, की पेटी तेवढीच ठेवून खर्ज एक सप्तक खाली न्यायचा, तर कार्यक्षमता आठपट घटते. १९७०च्या दशकात बीबीसीने घडवलेला ‘एलएस३/५ए’ हा चिमुकला स्पीकर याचे उत्तम उदाहरण. एका वॅटला, एक मीटर अंतरावर, तो सुमारे ८३ डेसिबल देतो. ९३ डेसिबल देणाऱ्या मोठ्या स्पीकरची बरोबरी करण्यासाठी त्याला दहापट शक्ती पुरवावी लागते.

निर्वात नलिकांच्या काळात ही शक्ती महाग होती. भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओच्या नलिका, १९६२ मध्ये जर्मेनियमची अर्धवाहक साधने आणि १९६७ मध्ये सिलिकॉनची साधने व एकात्मिक परिपथ हाती घेतले. पुढे १९९०च्या दशकात ‘एलएम३८८६’सारख्या चिपने अख्खा ध्वनिवर्धक एका तुकड्यात सामावला. शक्ती स्वस्त झाली आणि लहान पेटीची भूक भागू लागली.

आता खरा निर्णय उरतो तो ट्रान्सफॉर्मरचा. एस. पी. रोडवरून आणलेला १८-०-१८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर एकदिशीकरणानंतर दोन्ही बाजूंस सुमारे २४ व्होल्ट देतो. चिपमधील घट वजा जाता ८ ओहमच्या स्पीकरला सुमारे २५ वॅट मिळतात. म्हणजे ८३ डेसिबलच्या स्पीकरमधून, एक मीटरवर, ९७ डेसिबल. त्याऐवजी २४-०-२४ घेतला, तर शक्ती दुप्पट होते, पण आवाज अवघा ३ डेसिबलने वाढतो. चिपमध्ये साठणारी उष्णता मात्र जवळजवळ दुप्पट होते. स्पीकर ४ ओहमचा असेल, तर ती त्याहून दुप्पट होऊन चिपची अंगभूत संरक्षणयंत्रणा संगीत मध्येच तोडू लागते.

म्हणून वॅटचा आकडा पाहून ट्रान्सफॉर्मर निवडू नये. आधी स्पीकरची संवेदनशीलता व ओहम पाहावेत, मग खोलीचा आकार, आणि त्यानंतरच व्होल्ट ठरवावेत. चिप स्वस्त झाली, तरी लोहनियम जिथल्या तिथेच आहे. त्याची भरपाई पूर्वी पेटीच्या आकाराने होत असे, आज ती ट्रान्सफॉर्मर आणि उष्णताशोषक करतात.