अमळनेरचे तूप आणि बंगळूरचा संगणक

मेहरूणची बोरे वाचकांच्या परिचयाची असतील; पण आम्हां मेहरूणकरांच्या शेजारी, अमळनेरला 'विप्रो'चा जन्म झाला, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी तेथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. खानदेशात भुईमूग मुबलक, शिवाय रेल्वे दाराशी! १९६६ त ते वारले आणि २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतले शिक्षण सोडून परतले. १९७८ त आय.बी.एम. देशाबाहेर गेली, तेव्हा तूप-साबण करणारी ही मंडळी संगणकात उतरली. पण अमळनेरला नव्हे, बंगळूरला. तेथे १९०९ पासूनची विज्ञानसंस्था होती, सरकारी कारखान्यांत तयार झालेले इंजिनिअर होते. अडले तर विचारायला शेजार होता. अमळनेरकरांच्या वाट्याला शेअर आले. ज्यांनी ते विकले नाहीत, त्यांची दिवाळी बारा महिने चालते म्हणतात!

तसा शेजार आता मुद्दाम उभारला जात आहे. केंद्र सरकारच्या 'समर्थ उद्योग' योजनेतले पुण्याचे सी-फोर-आय-फोर केंद्र त्यांपैकीच. चालत्या यंत्राची नाडी संगणकावर कशी पाहावी, हे कारखानदाराला तेथे समजून घेता येते. माझा आक्षेप एवढाच, की जळगावच्या चटईवाल्याला त्यासाठी यंत्र बंद ठेवून पुणे गाठावे लागते.