कागदाचं काडतूस

पगार, चावी, पाव यांच्या पंगतीत बसणारा पोर्तुगीज वळणाचा आणखी एक शब्द आपल्याकडे आहे: काडतूस. मूळचा 'कार्तुशु'. हिंदीनं त्यातला र राखून 'कारतूस' केलं. मराठीनं र घालवून ड आणला आणि शब्द उच्चारातच खटका ओढल्यासारखा करून टाकला. पोर्तुगिजांनी तो घेतला इटालियन 'कार्तोच्चो'वरून, म्हणजे कागदाची सुरळी किंवा पुडी. त्याच्या मागे लॅटिन 'कार्ता', त्याही मागे ग्रीक 'खार्तेस', म्हणजे पपायरसचं पान. कार्ड, चार्ट, कार्टन आणि व्यंगचित्राचं कार्टून ही सगळी याच शब्दाची भावंडं.

जीव घेणाऱ्या वस्तूला पुडीचं नाव कसं मिळालं? ती खरोखरच पुडी होती म्हणून. ठासणीच्या बंदुकीत आधी सुटी दारू ओतायची, वर गोळी सोडायची आणि गजानं ठासायची. हा खटाटोप वाचावा म्हणून मोजलेली दारू आणि गोळी एका कागदी सुरळीत बांधून मिळू लागली. शिपाई तिचं टोक दातानं फाडी, दारू नळीत रिती करी आणि गोळी वरून ठासून बसवी. १८५७ साली चरबीवरून ज्यांचा बोभाटा झाला, ती एन्फील्ड रायफलची काडतुसं अशी कागदीच होती. दातानं फाडावी लागत नसती, तर चरबीचा प्रश्न इतका पेटला असता का, कोण जाणे. पुढे कागद गेला, पितळी पुंगळी आली; नाव मात्र कागदाचंच राहिलं.

नळीच्या भोकाचं माप सांगणारा 'कॅलिबर' हा शब्द वेगळ्या वाटेनं आला. तो फ्रेंच आणि इटालियनमार्गे आला खरा, पण त्याचं मूळ बहुधा अरबी 'कालिब' म्हणजे साचा. दोघांचा जिवलग स्नेह सांगताना उर्दूत 'एक जान दो कालिब' म्हणतात, त्यातला कालिब तोच. तिथे तो देह, इथे भोक.

आता लहान कॅलिबरची रायफल घेऊ पाहणारा अमेरिकन शिकारी बघा. दुकानात तो 'पॉइंट टू टू' म्हणतो, म्हणजे ०.२२ इंच, साधारण साडेपाच मिलिमीटर. पण या एका आकड्याखाली अख्खं खटलं नांदतं. १८८७ सालचं .२२ लाँग रायफल हे खार-सशांचं काडतूस. त्याची नेहमीची गोळी ४० ग्रेनची. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा; ७००० ग्रेनचा एक पौंड. आपल्या हिशेबात ही गोळी एकवीस गुंजांच्या आसपास भरेल. (वजनासाठी दाण्याकडे वळण्याची बुद्धी साहेबाला आणि आपल्या सोनारालाही झाली होती.) मग .२२ हॉर्नेट, म्हणजे गांधीलमाशी. मग १९५० सालचं .२२२ रेमिंग्टन, त्यामागून .२२३, आणि .२२-२५०.

हे आकडे वाचून कुणालाही वाटेल की गोळी थोडी थोडी जाड होत चालली आहे. तसं काही नाही. हॉर्नेटपासून .२२-२५०पर्यंत आज बहुतेक एकाच जाडीची, ०.२२४ इंचाची गोळी भरतात. .२२२ आणि .२२३ हा फरक मापाचा नाही, नावाचा आहे. .२२-२५० मधलं २५० म्हणजे .२५० सॅव्हेज या जुन्या काडतुसाची पुंगळी. तिची मान आवळून तीत .२२ ची गोळी बसवली.

फरक पडतो तो पुंगळीत मावणाऱ्या दारूनं. लाँग रायफलची ४० ग्रेनची गोळी नळीतून सुटताना सुमारे १४० फूट-पौंड ऊर्जा घेऊन निघते; .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी १२५०च्या पुढे जाते. जाडी जवळपास तीच, वजन दीडपटही नाही, मार मात्र नऊपट. म्हणून पहिलीनं सशाची शिकार करतात आणि दुसरीनं लांडग्याच्या कुळातल्या कोयोटीची, तीही बऱ्याच लांबून. माझ्या मते इथे कॅलिबरपेक्षा काडतूस हा शब्द जास्त प्रामाणिक आहे. साचा फक्त भोक सांगतो; पुडीत काय बांधलंय, हा खरा सवाल.

कायद्यांनाही हा घोळ निस्तरावा लागला आहे. इंग्लंडमध्ये हरणासाठी साधारणपणे किमान .२४० इंच कॅलिबर लागतं, आणि त्याच्या जोडीला १७०० फूट-पौंड ऊर्जेची अटही आहे. तिथे .२४३ चालतं आणि .२२३ बाद होतं. अपवाद आहे तो मुंटजॅकसारख्या लहान हरणांचा. शेजारच्या स्कॉटलंडनं १९८५च्या आदेशात कॅलिबरचं नावच काढलं नाही. लहान चणीच्या रो हरणासाठी ५० ग्रेनची गोळी, सेकंदाला २४५० फूट वेग आणि १००० फूट-पौंड ऊर्जा, एवढंच मागितलं. या तीन अटींत .२२३ बसतं, .२२ लाँग रायफल बसत नाही. दोन्हींच्या नावात बावीस आहे, तरीही.