सातचा भोंगा : मोहित्यांचे वडगाव आणि घरातल्या पडद्याचा इतिहास

१/
सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुका हा ऊस आणि साखर कारखान्यांचा मुलूख. इथे भोंगा म्हटला की कारखान्याची पाळी आठवावी. मात्र १५ ऑगस्ट २०२२ पासून याच तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावात एक निराळाच भोंगा वाजू लागला. तो बसवला होता गावच्या मंदिरावर. संध्याकाळी सात वाजता तो वाजला की घराघरांतील टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे आणि साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत ते उघडायचे नाहीत, असा गावाचा ठराव होता.

२/
'मुलांचा मोबाइल सोडवणारे गाव' अशी ही बातमी वाचण्याचा मोह होतो. पण ठराव कसा झाला हे पाहिले, तर सातच्या भोंग्याने मुलांइतकाच, किंबहुना मुलांच्या आधी, मोठ्यांचा पडदा विझवला असे दिसते. हे समजण्यासाठी दोन वर्षे मागे जावे लागते.

३/
मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाइलवर आला. जी वस्तू मुलांपासून दूर ठेवावी असे घरोघरी सांगितले जाई, तीच वस्तू शाळेने, सरकारने आणि पालकांनी मिळून मुलांच्या हाती दिली. 'असर' या ग्रामीण भारतातील शैक्षणिक पाहणीनुसार शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी २०१८ साली स्मार्टफोन होता. २०२१ साली हे प्रमाण ६७.६ टक्क्यांवर पोहोचले. तीन वर्षांत जवळपास दुप्पट!

४/
परंतु 'घरी फोन आहे' आणि 'मुलाजवळ फोन आहे' ही दोन वेगळी विधाने आहेत. त्याच २०२१ च्या पाहणीत, घरात स्मार्टफोन असूनही सुमारे एक चतुर्थांश मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. कारण उघड आहे. फोन बापाचा होता, थोरल्या भावाचा होता. तो त्यांच्याबरोबर शेतावर, कामावर जाई आणि दिवेलागणीला घरी परते. मुलाच्या वाट्याला यायची ती संध्याकाळ. फोन कसा धरायचा, जेवताना तो कुठे ठेवायचा, बोलणाऱ्याकडे पाहायचे की पडद्याकडे, याचे पहिले धडे मुलाने फोनच्या मूळ मालकाकडे पाहूनच घेतले असणार.

५/
२०२२ मध्ये शाळा पुन्हा भरू लागल्या. वडगावची मुले शाळेतून घरी येत आणि मोबाइल नाहीतर टीव्ही धरून बसत. मोठ्यांचेही वेगळे नव्हते. माणसे एका घरात असून एकमेकांशी बोलत नव्हती. रोज काही वेळ सगळेच बंद ठेवावे, अशी कल्पना सरपंच विजय मोहिते यांनी मांडली. गावच्या पुरुषांनी ती प्रथम हसण्यावारी नेली.

६/
मग ग्रामपंचायतीने महिलांना एकत्र बोलावले. आपण मालिका जरुरीपेक्षा जास्त पाहतो, हे त्यांनी मान्य केले आणि सगळ्या गावानेच काही वेळ टीव्ही-मोबाइल बंद ठेवावा, याला संमती दिली. या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोलाचा क्षण कोणता, असे विचारले तर तो हाच. पोरे बिघडली, अशी तक्रार करायला सभा भरवावी लागत नाही. आपलेही चुकते, हे चारचौघींत सांगायला मात्र धीर लागतो. १४ ऑगस्टच्या ग्रामसभेत निर्णय झाला आणि स्वातंत्र्यदिनापासून अंमल सुरू झाला.

७/
भोंग्याची वेळही लक्षात घेण्याजोगी आहे. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावायचा, 'शुभं करोति' म्हणायचे आणि मुलांनी परवचा म्हणजे पाढे म्हणायचे, हा अनेक मराठी घरांचा जुना रिवाज. आजी वाती वळत बसे, आजोबा चुकलेला पाढा मध्येच थांबवत. शिस्त मुलांची असली तरी त्या वेळी सारे घरच तिच्याभोवती बसलेले असे. पुढे हीच वेळ घरात आलेल्या यंत्रांनी व्यापली.

८/
त्यातले पहिले यंत्र रेडिओ, आणि त्याची महाराष्ट्रातील एक कथा फारशी सांगितली जात नाही. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे व लगतच्या भागातील पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांमध्ये 'रेडिओ ग्रामीण मंडळां'चा प्रयोग केला. प्रत्येक गावी वीसेक माणसांचे मंडळ. आठवड्यातून दोनदा जमायचे, अर्धा तास शेती व गावाच्या प्रश्नांवरील कार्यक्रम ऐकायचा, मग संच बंद करून ऐकलेल्यावर चर्चा करायची. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली.

९/
त्या मंडळांत पोरांना स्थान नव्हते, हे खरे. तरी यंत्र केव्हा लावायचे, केव्हा थांबवायचे आणि थांबवल्यावर काय करायचे, हे तिथे मोठ्यांनी स्वतःसाठी ठरवून घेतले होते. पुढच्या यंत्रांच्या वेळी एवढी काळजी कोणी घेतली नाही.

१०/
मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आरंभी वाड्यात वा चाळीत एखाद्याच घरी संच असे आणि उंबऱ्यापर्यंत मुलांची दाटी होई. जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' दिसू लागले, तेव्हा संचाला हार घालणारी, रस्ते ओस पाडणारी माणसे प्रौढ होती. मुले त्यांच्या मांडीवर होती. १९९९ साली 'अल्फा मराठी' आली, मराठी वाहिन्या वाढल्या, आणि संध्याकाळी सातनंतरचा वेळ रोजच्या मालिकांच्या ताब्यात गेला. परवचाची वेळ गेली ती अशी. स्मार्टफोन त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला.

११/
फोनने एकच गोष्ट नवी केली, पण ती मोठी होती: पडदा ज्याचा त्याचा झाला. रेडिओ मंडळाचा होता, टीव्ही घराचा. भारतातील पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू आणि सुखराम यांच्यात झाला, तेव्हा ती मोजक्या श्रीमंतांची चैन होती. सप्टेंबर २०१६ मध्ये 'जिओ' आल्यावर इंटरनेटचे दर कोसळले आणि बैठकीच्या खोलीत चार माणसे चार पडद्यांसमोर बसू लागली. मूल काय पाहते हे आईबापांना दिसेना. आईबाप काय पाहतात हे मुलांनाही दिसेना. ते सतत पाहत असतात, एवढे मात्र दिसत राहिले.

१२/
वडगावनंतर तीन महिन्यांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बान्सी ग्रामपंचायतीने दुसरा मार्ग धरला. तिथे अठरा वर्षांखालील मुलामुलींना मोबाइल वापरण्यास बंदी करणारा ठराव झाला. काळजी तीच होती, पण ठरावाची रेघ वयाच्या अठराव्या वर्षापाशी ओढलेली होती. रेघेपलीकडच्यांना कसलेच बंधन नव्हते.

१३/
अशा बंदीचा भार सर्वांवर सारखाही पडत नाही. २०२३ च्या 'असर' पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयोगटातील मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींपैकी अवघ्या १९.८ टक्क्यांकडे. मुलीच्या हातातला फोन काढून घ्यायला घराला ग्रामपंचायतीच्या ठरावाची गरज क्वचितच लागते.

१४/
वडगावचे काम सोपे झाले असे नाही. भोंगा झाल्यावरही संच चालू राहत. मग पंचायतीचे कर्मचारी आणि गावकऱ्यांचे गट घरोघरी फिरून बंद करण्याची विनंती करीत. ही विनंती करावी लागे ती मोठ्यांनाच, कारण टीव्हीचा रिमोट आणि फोन बहुधा त्यांच्याच हाती असे. चोवीस तासांतला दीड तास ही काही क्रांती म्हणता येणार नाही. तेवढ्या वेळात मुलांनी वह्या उघडाव्यात आणि मोठ्यांनी वाचावे, बोलावे, अशी अपेक्षा होती. साडेआठला दुसरा भोंगा होई, आणि मालिका पाहण्याची मुभा पुन्हा सर्वांना असे.