लेकरं पुरलेल्या बापांची पुस्तकं

1348 च्या उन्हाळ्यात दमास्कसमध्ये प्लेगने थैमान घातलं, तेव्हा प्रवासी इब्न बतूता तिथेच होता. तीन दिवसांच्या उपासानंतर सारं शहर अनवाणी रस्त्यावर उतरलं, असं त्याने नोंदवलंय. मुसलमानांच्या हाती कुराण, ज्यूंच्या हाती तोरा, ख्रिस्त्यांच्या हाती बायबल. बायकामुलंही त्यांच्यासोबत रडत चाललेली.

पुढची दीडशे वर्षं प्लेग इजिप्त आणि सीरियात पुन्हा पुन्हा येत राहिला आणि घरंच्या घरं लेकरांविना झाली. त्या काळात अरबीत एक लेखनप्रकार बहरला. मुलं गमावलेल्या आईबापांच्या सांत्वनाची पुस्तकं! इब्न अबी हजला, सखावी, सुयूती अशा नामांकित विद्वानांनी ती लिहिली. हे कोरडं पांडित्य नव्हतं. इब्न अबी हजलाचा मुलगा प्लेगने गेला होता, आणि 1375 मध्ये कैरोत त्याच रोगाने त्यालाही नेलं.

या पुस्तकांचा गाभा म्हणजे ‘सब्र’, संकटातला धीर. पण सब्र म्हणजे डोळे कोरडे ठेवणं नव्हे. त्यासाठी दाखला थेट पैगंबरांच्या घरातला. त्यांचा तान्हा मुलगा इब्राहिम त्यांच्या डोळ्यांदेखत गेला, तेव्हा त्यांना अश्रू आवरले नाहीत. एका सहकाऱ्याला नवल वाटलं. हे अश्रू म्हणजे माया आहे, असं त्यांनी त्याला समजावलं. रडायला मोकळीक होती. मनाई होती ती कपडे फाडण्याला, गाल बडवून आक्रोश करण्याला.

या परंपरेतलं एक चित्र तर आईबापांच्या काळजाला थेट भिडणारं आहे. लहानपणी गेलेलं मूल आईबापांना भेटतं, त्यांच्या कपड्याचं टोक घट्ट धरतं आणि त्यांना स्वर्गात नेल्याशिवाय सोडत नाही.

सांत्वन नुसत्या शब्दांचंही नव्हतं. 629 मध्ये मुताच्या लढाईत आपला चुलतभाऊ जाफर मारला गेल्यावर, त्याच्या घरच्यांसाठी जेवण करून पाठवा, असं पैगंबरांनी सांगितल्याची हदीस, म्हणजे त्यांच्या वचनाची नोंद, आहे. दुःखात बुडालेल्या घरात चूल कोण पेटवणार? शेजाऱ्यांनी डबा पोचवण्याच्या रिवाजाला तिचाच आधार दिला जातो.

या साऱ्यांत इब्न हजर अल-अस्कलानी वेगळा उठून दिसतो. हदीसशास्त्रातला हा दिग्गज. 1416-17 च्या साथीत त्याच्या फातिमा आणि आलिया या दोन मुली गेल्या. त्याच सुमारास त्याने प्लेगवरचा ग्रंथ लिहायला घेतला. तो 1430 च्या आसपास हातावेगळा झाला. तोवर थोरली, गरोदर झैन खातूनही नव्या साथीत गेली होती. प्लेगने मेलेला श्रद्धाळू शहीद, हे मत त्याने हिरिरीने मांडलं. पण श्रद्धेने त्याची नजर झाकली नाही. त्या नव्या साथीत सुरुवातीला कैरोत रोज चाळीसहून कमी माणसं मरत होती. लोक उपास करून वाळवंटात सामूहिक प्रार्थनेला जमले. महिना संपायच्या आत आकडा दिवसाला हजारावर गेला, असं तो लिहितो. म्हणून अशा जमावांना त्याचा विरोध होता. प्रार्थना ज्याने त्याने आपापली करावी, असं तो सांगतो. पण आजाऱ्याच्या भेटीला जाणं तो टाळायला लावत नाही. ती भेट कशी घ्यावी, हे ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात येतं.