शाळा अपुरी, वर्ष आखूड

वर्गखोल्या कमी पडल्या की काय करायचं, हे आपल्याकडच्या पालकांना माहीत आहे. एक शाळा सकाळची, एक दुपारची. अमेरिकेतल्या लॉस एंजलिस शहरानं याच अडचणीवर निराळी तोड काढली. तिथं दिवसाची नव्हे, वर्षाचीच वाटणी झाली.

अमेरिकेत सरकारी शाळांचा कारभार ‘शाळा-जिल्ह्यां’कडे असतो. लॉस एंजलिसचा जिल्हा न्यूयॉर्कच्या खालोखाल देशात सर्वांत मोठा. सत्तरच्या दशकात इथली पटसंख्या घसरत होती. गोरी कुटुंबं उपनगरांकडे निघाली होती आणि १९८०च्या सुमारास काही शाळांना चक्क कुलपं लागली. पण त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या भागांत गर्दी वाढू लागली होती. मेक्सिकोतून लोक कामासाठी येत होते, एल साल्वाडोर आणि ग्वाटेमालातून यादवी युद्धाला कंटाळून. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेचं दार बंद करता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं टेक्सासच्या एका खटल्यात १९८२ मध्ये दिला. मुलं येत राहिली. २००३-०४ मध्ये पटावर सुमारे ७ लाख ४७ हजार नावं होती.

मुलं वाढली, तशा शाळा का वाढल्या नाहीत? याचं उत्तर एका मतदानात आहे. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रस्ताव १३’ मंजूर केला आणि घरपट्टीला कायमचा लगाम घातला. शाळांचं स्थानिक उत्पन्न आटलं. पुढं इमारतींसाठी कर्ज काढायचं, तर दोन तृतीयांश मतं हवीत, अशी अट होती. मतदारांत घरमालक जास्त, आणि दाटीच्या वस्तीतले कित्येक पालक नागरिकच नव्हते. ज्यांची मुलं शाळेत, त्यांच्या हाती मत नाही. ज्यांच्या हाती मत, त्यांची मुलं त्या शाळेत नाहीत.

मग निघाली ‘कन्सेप्ट सिक्स’ नावाची युक्ती. मुलांचे तीन गट करायचे. केव्हाही दोन गट शाळेत, तिसरा सुटीवर. इमारत बाराही महिने चालू. तेवढ्याच खोल्यांत दीडपट मुलं मावली. पण प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाचे १८० दिवसांऐवजी १६३च दिवस आले. रोजची शाळा थोडी लांबवून मिनिटांचा हिशेब जुळवला, इतकंच. बारा वर्षं अशी काढणाऱ्या मुलाचे २०४ दिवस कमी होतात, म्हणजे एका शालेय वर्षाहून जास्त! आणि हे दिवस गेले ते मुख्यतः गरीब, स्थलांतरित घरांतल्या मुलांचे. काही मुलांना तर जवळच्या शाळेत जागा नाही म्हणून बसनं दूरच्या भागात धाडत.

त्यात १९९६ मध्ये राज्यानं खालच्या इयत्तांत वर्गामागे २० मुलं, अशी योजना आणली. हेतू चांगला, पण त्यासाठी लागणाऱ्या जादा खोल्या आणायच्या कुठून? पटांगणात तात्पुरत्या खोल्या उभ्या राहिल्या आणि खेळायची जागा गेली.

वारं फिरलं ते १९९७ मध्ये. मतदारांनी २४० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. २००० मध्ये राज्यानं दोन तृतीयांशाची अट ५५ टक्क्यांवर आणली. त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या वतीनं राज्याविरुद्ध ‘विल्यम्स’ खटला दाखल झाला. २००४च्या तडजोडीत १६३ दिवसांचं वर्ष २०१२ पर्यंत संपवायचं ठरलं. बांधकामाचा धडाका सुरू झाला. चुकाही झाल्या. बेलमाँट नावाची शाळा जुन्या तेलक्षेत्रावर बांधायला घेतली आणि खाली विषारी वायू निघाला. ती २००८ मध्ये, नव्या नावानं उघडली. ज्या अँबॅसडर हॉटेलात १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या जागेवर ५७ कोटी ८० लाख डॉलर खर्चून २०१० मध्ये शाळा-संकुल उभं राहिलं. या मोहिमेत एकूण १३१ नव्या शाळा झाल्या.

आणि आता नियतीचा खेळ पाहा. २००३-०४ हेच पटसंख्येचं शिखर ठरलं. घरभाडी परवडेनात, जन्म घटले, स्थलांतर मंदावलं, काही मुलं स्वायत्त ‘चार्टर’ शाळांकडे वळली. २०२२-२३ मध्ये, त्या शाळा वगळता, पट सव्वाचार लाखांच्या आसपास आला होता. चार्टरची मुलं धरली तरी उतार मोठाच.

मग हा पैसा वाया गेला का? तसं म्हणता येणार नाही. पुढच्या मुलांना पूर्ण वर्ष मिळालं, पटांगणं मिळाली. पण ज्यांच्यासाठी हे सारं मागितलं होतं, त्यांतली कितीतरी मुलं तोवर शाळेतून बाहेर पडली होती. मतदान, कर्ज, जागा, बांधकाम यांत दहा-पंधरा वर्षं सहज जातात. सरकारी कामाला तेवढा वेळ लागतो, हे आपण समजूनही घेतो. पहिलीतलं मूल मात्र तेवढ्यात बारावी संपवून गेलेलं असतं.