१७८ सेकंदांमागचा प्रयोग

शहागडच्या पुलावर गोदावरीचं धुकं दाटलं, तर गाडी हळू करता येते, पुढे जाऊन बाजूला थांबवता येते. नजरेच्या भरवशावर छोटं विमान उडवणाऱ्याला ढगात ही सोय नाही. क्षितिज दिसेनासं झालं की आतला कान फसवतो. विमान सावकाश कलंडतं, ते जाणवतच नाही आणि शेवटी ते गरगरत खाली येतं.

इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मोजलं. अहवाल १९५४ चा. उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेले २० जण निवडले, त्यांना बाहेरचं दिसू दिलं नाही. सगळ्यांचाच ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत.

हा आकडा तुम्हाला जिथेतिथे भेटेल, बहुतेकदा मुदत असल्यासारखा. पण ती सरासरी आहे. कुणाचा ताबा २० सेकंदांतच सुटला होता. शिवाय संशोधकांचा प्रश्न वेगळाच होता: उपकरणं बघून मागे वळायचं आणि ढगाबाहेर पडायचं, हे शिकवता येतं का? थोड्या प्रशिक्षणानंतर त्याच लोकांना ते जवळपास दरवेळी जमलं.

धोका सगळ्यांनी लक्षात ठेवला, उपाय मात्र मागे पडला. म्हणून आकडा उचलण्याआधी मूळ प्रश्न वाचा.